मूत्रपिंडाच्या आजारी मुलांसाठी शाळेच्या शौचालयाला निदान एक कडी बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन येतो. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून लेख येतात. मधुमेह सांभाळा, रक्तदाब तपासा, अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, पाणी प्या. गोव्यातल्या काणकोणचा विषय निघतो आणि तिथल्या माणसांची मूत्रपिंडे ना मधुमेह ना रक्तदाब असताना का निकामी होतात यावर चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण हे सगळे लिखाण चाळिशी ओलांडलेल्या माणसासाठी असते. २०१६ साली या दिवसाचा विषयच मुलांमधला मूत्रपिंडविकार हा होता. तेवढे वर्ष गेले आणि मुले पुन्हा विसरली गेली.

मी कदंब परिवहन महामंडळाचा निवृत्त वाहक. डॉक्टर नव्हे की समाजसेवक नव्हे. घरात तेरा वर्षांचा नातू आहे आणि हा आजार त्याच्याबरोबरच आमच्या घरात आला, म्हणून चार गोष्टी ठाऊक झाल्या. त्यांतली एक गोष्ट सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. पत्र थोडे लांबेल, काटछाट करायची तर माझ्या ओळखीची करा, शौचालयाची करू नका.

मोठ्या माणसांची मूत्रपिंडे बहुधा साखरेने आणि रक्तदाबाने झिजतात. लहान मुलांचे तसे नसते. पुष्कळ मुलांचा दोष जन्मतःच असतो. कुणाचे मूत्रपिंड मुळातच लहान किंवा वेडेवाकडे घडलेले, कुणाची लघवी मूत्राशयातून उलट वर चढते. काहींना सूज येणारा तो नेफ्रोटिक आजार होतो आणि औषधाला दाद देत नाही. माझ्या नातवाच्या मूत्रमार्गात पडदा होता, डॉक्टर त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. हा दोष फक्त मुलग्यांत सापडतो. बाळ पोटात असतानाच लघवी अडते, मागे तुंबते, मूत्राशयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडे फुगतात. बाराव्याच्या पाळण्याची तयारी चालली होती तेव्हा आम्ही बांबोळीच्या इस्पितळात वॉर्डाबाहेर बसलो होतो. दुर्बिणीतून पडदा कापला, वाट मोकळी झाली. पण आधीच बिघडलेले मूत्रपिंड त्याने दुरुस्त होत नाही. जे शिल्लक आहे ते पुरवून पुरवून वापरायचे, एवढेच हातात राहते.

किती शिल्लक आहे याचा हिशेब मी शिकून घेतला आहे. जन्मभर तिकिटांचा आणि गल्ल्याचा हिशेब केलेला माणूस, आकडा दिसला की स्वस्थ बसवत नाही. मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिला ०.४१३ ने गुणायचे आणि रक्तातल्या क्रिएटिनीनच्या (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, काम कमी झाले की तो रक्तात वाढतो) आकड्याने भागायचे. नातवाची उंची १३० आणि क्रिएटिनीन १.८. उत्तर, म्हणजे ढोबळमानाने शंभरापैकी उरलेले काम, येते तीसच्या किंचित खाली. पंधराच्या खाली गेले की डायलिसिस आणि प्रत्यारोपणाची भाषा सुरू होते. हे सूत्र वाचकांना मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ प्रयोगशाळांच्या कागदावर मोठ्या माणसाची मर्यादा छापलेली असते. चार वर्षांचे, मीटरभर उंचीचे मूल घ्या. त्याचे क्रिएटिनीन १ आले तर त्या कागदावर ते नॉर्मलमध्ये बसते. गणित करून बघा, उत्तर एक्केचाळीस येते. म्हणजे निम्म्याहून जास्त काम बंद पडलेले असते आणि घरचे निर्धास्त असतात.

आता मुद्द्यावर येतो. औषधोपचाराबद्दल आमची तक्रार नाही. गोव्यात राहतो म्हणून नशीबवान समजतो. बांबोळीला सरकारी गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) आहे, दीनदयाळ आरोग्य योजनेचे कार्ड आहे, सरकारी इस्पितळात डायलिसिसला पैसे पडत नाहीत. तपासणीला डॉक्टर नातवाला नावाने हाक मारतात, त्याच्याशीच बोलतात, आम्हाला नंतर विचारतात. अडचण इस्पितळात नाही. ती आहे सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळात, शाळेत.

त्याच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. त्यामुळे लघवी खूप होते, रंगाने पाण्यासारखी. जेवढी जाते तेवढे पाणी परत पोटात जायला हवे, नाहीतर मूल कोरडे पडते आणि उरलेल्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून त्याला दिवसभर बाटली तोंडाला लावावी लागते. दुसरीकडे त्याचे मूत्राशय जन्मापासून जाड आणि सुस्त. ते पुरते रिकामे होत नाही. आत राहिलेल्या लघवीत जंतू धरतात आणि दाब वर मूत्रपिंडापर्यंत पोचतो. म्हणून दर तीन-चार तासांनी तो स्वतः नळी घालून लघवी काढतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो हे मला माहीत आहे. त्याच्या अंगावर येत नाही. नर्सबाईंनी शिकवले, आठ-दहा वर्षांच्या पोराने आमच्यापेक्षा लवकर आत्मसात केले.

त्याची पद्धत सांगतो, म्हणजे शाळेकडे काय मागतो आहोत ते कळेल. त्याच्याकडे कंपासपेटीएवढी प्लास्टिकची डबी आहे. तीत धुतलेली नळी, जेलीची छोटी ट्यूब, दोन-चार कागदी रुमाल. आधी साबणाने हात धुवायचे. मग आत जाऊन दार लावायचे. डबी कुठेतरी टेकवायची किंवा पिशवीतून टांगायची, कारण खालची फरशी ओली असते आणि तिथे ती ठेवता येत नाही. नळीला जेली लावायची, घालायची, लघवी थांबेपर्यंत उभे राहायचे, हळूहळू काढायची, नळाखाली धुवायची, झटकायची, डबीत ठेवायची, पुन्हा हात धुवायचे. सरावलेल्या मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. याला शस्त्रक्रियेच्या खोलीसारखी निर्जंतुक जागा लागत नाही. १९७२ साली अमेरिकेतल्या लॅपिडिस नावाच्या शल्यविशारदाने हेच दाखवून दिले की निर्जंतुकपेक्षाही वेळेवर आणि स्वच्छ हाताने करणे महत्त्वाचे. त्यामुळेच तर जगभरची मुले हे शाळेत, घरात, प्रवासात करू शकतात. लागते काय, तर आतून लागणारी कडी, एक खुंटी आणि नळाजवळ साबण.

नातवाच्या आधीच्या शाळेत (नाव देत नाही, तिथे आजही चांगले शिक्षक आहेत आणि हा प्रश्न एका शाळेचा नाही) मुलांच्या शौचालयाच्या दारांना कड्या होत्या, म्हणजे एके काळी होत्या. आपल्याकडच्या पावसात लोखंड किती टिकते ते सांगायला नको. स्क्रू गंजून गेले, दारावर चार भोके राहिली. मुले आत बसलेल्याच्या दारावर लाथ मारून पळायची. त्या वयात तो खेळच असतो, त्या पोरांनाही दोष देत नाही. पण एकदा दार उघडले आणि नातवाच्या हातात नळी होती. त्या दिवसापासून वर्गात त्याला जे नाव पडले ते मी इथे लिहीत नाही.

त्यावर त्याने स्वतःपुरता उपाय काढला. शाळेत जायचेच नाही, म्हणजे शौचालयात. आणि जायला लागू नये म्हणून पाणी प्यायचे नाही. सुनेच्या लक्षात आले ते बाटलीवरून, सकाळी भरलेली बाटली दुपारी तशीच परत यायला लागली. विचारले तर म्हणे विसरलो. महिनाभरात थंडी वाजून ताप आला, लघवीत जंतुसंसर्ग, बांबोळीला दाखल, शिरेतून औषधे. ताप उतरला. क्रिएटिनीन मात्र जिथून चढले होते तिथे पुन्हा उतरले नाही. दर वेळी गोळ्या चोख दिल्या, आहार सांभाळला, बसमागून बस बदलून तपासण्या केल्या, आणि मूत्रपिंडाचा एक तुकडा गेला तो दाराच्या कडीपायी. ही कडी हार्डवेअरच्या दुकानात किती रुपयांना मिळते ते वाचकांना माहीत आहे.

आम्ही शाळेत गेलो. वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, एकाला तासाला मधून सोडले की सगळे हात वर करतात. खरेच आहे, चाळीस मुले सांभाळायची म्हणजे खायचे काम नाही. मुख्याध्यापकांनी डॉक्टरांचे पत्र मागितले, आम्ही आणले, त्यांनी फायलीला लावले. नातवाला शिक्षकांच्या शौचालयाची किल्ली देण्याची सोय झाली. चांगल्या मनाने केलेली गोष्ट, पण किल्ली मागायला कार्यालयात जायचे, शिपाईमामांनी मोठ्याने विचारायचे, "परत?" आणि वर्गात परतल्यावर बाकीच्यांनी, "तुला का साहेबांचा संडास?" पुढच्या वर्षी वर्ग बदलला, शिक्षिका बदलल्या, फाईल कपाटात राहिली आणि सगळे पहिल्यापासून. म्हणून माझे म्हणणे आहे की आजारी मुलाला खास किल्ली देऊ नका, सगळ्या दारांना कड्या द्या. पाळी सुरू झालेल्या मुलींना तरी दुसरे काय हवे असते? त्याही पाणी न पिता सहा तास काढतात, फक्त त्यांचे क्रिएटिनीन कोणी मोजत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगवेगळी शौचालये आणि पिण्याचे सुरक्षित, पुरेसे पाणी हे शाळेच्या इमारतीच्या अटींतच घातले आहे. ज्या दाराला कडी नाही त्याला शौचालय म्हणायचे की आडोसा, ते कायद्याच्या जाणकारांनी सांगावे.

पाण्याबद्दल आणखी एक सांगायला हवे, कारण इथे सर्रास गोंधळ होतो. बाह्यरुग्ण विभागात बाकावर शेजारी दोन मुले बसलेली असतात, आजाराचे नाव एकच, पण एकाला सांगितलेले असते दिवसाला तीन लिटर पी आणि दुसऱ्याला, ज्याची लघवीच बंद झाली आहे आणि जो डायलिसिसवर आहे, त्याला पेल्याच्या मापाने पाणी. मिठाचे तेच. सूज आणि रक्तदाब असलेल्या मुलाला मीठ तोडतात, आणि नातवासारख्याच्या लघवीतून मीठ वाहून जाते म्हणून ते उलट लागते. शेजारीपाजारी, पाहुणे, देवळात भेटलेले लोक यांना हे पटत नाही. "किडनीचा आजार ना? मीठ बंद करा." "किडनीचा आजार ना? रोज आडसराचे पाणी द्या, धुऊन निघते." आडसर म्हणजे आपल्याकडे सर्व रोगांवर इलाज. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे दमली की ते रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. करमल, म्हणजे ते चांदणीसारखे कापले जाणारे आंबट फळ (स्टारफ्रूट), तर अशा माणसाने चाखूसुद्धा नये, त्यातले विष मेंदूवर जाते, उचक्यांपासून झटक्यांपर्यंत काहीही होऊ शकते. आमच्या परसातले करमलाचे झाड मी तोडले. बायको दोन दिवस बोलली नाही, लोणच्यासाठी तिचे आवडते झाड होते.

खाण्याच्या या भानगडीत मुलाचे सण जातात. चवथीला सगळ्यांच्या घरी फिरायचे, नेवऱ्या खायच्या, दिवाळीला पाच प्रकारचे फोव खायचे, आणि याच्या ताटाकडे बघत कोणीतरी काकी म्हणणार, "त्याला देऊ नका हां, त्याला चालत नाही." वास्तविक आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे की रिपोर्ट चांगला असेल तर नेवरी चालते, वाढत्या वयाचे पोर उपाशी ठेवणे जास्त वाईट. या मुलांना भूक मुळातच कमी, तोंडाला चव नसते, त्यात रोजच्या गोळ्या. रक्तातले आम्ल मारायला सोड्याच्या, फॉस्फरस धरून ठेवायला जेवणाबरोबर चावायच्या कॅल्शियमच्या, हाडांसाठी, रक्तासाठी, रक्तदाबासाठी वेगळ्या. मधल्या सुट्टीतल्या डब्याबरोबरही एक गोळी असते. ती तो हात खिशात घालून, खोकल्यासारखे करून खातो.

उंचीचे दुःख त्याला सगळ्यांत मोठे आहे. आठवीत आहे आणि पाचवीतला दिसतो. आम्ही साखळीहून पणजीला जातो, तिथून बांबोळीची बस घेतो. माझ्याच खात्यातली नवी पोरे त्याच्याकडे बघून अर्धे तिकीट फाडतात. तो म्हणतो, "पूर्ण द्या, मी तेरा वर्षांचा आहे." वाहक माझ्याकडे बघून हसतो. मी म्हणतो, मुलगा सांगतो ते कर. अर्धे तिकीट वाचवण्यासाठी मिसरूड फुटलेल्या पोराला दहा वर्षांचा सांगणारे बाप मी हयातभर बघितले, पूर्ण तिकिटासाठी भांडणारा हा पहिलाच. मूत्रपिंडाच्या आजारात वाढ खुंटते. आम्ल, हाडे, रक्त, पोषण हे सगळे ताळ्यावर आणूनही उंची धरली नाही तर वाढीच्या संप्रेरकाचे रोजचे इंजेक्शन असते. त्याचा खर्च मध्यमवर्गीयालाही घाम फोडणारा आहे. अशा मुलांना ते सरकारी योजनेतून विनाअडथळा मिळाले पाहिजे. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे, इथे नोंद करून ठेवतो.

आणि फुटबॉल. गोव्यात राहून मुलाला फुटबॉल खेळू न देणे म्हणजे काय ते मी सांगायला नको. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली आहे, दमलास की थांब, पाणी पी, एवढेच. पण शारीरिक शिक्षणाचे सर घाबरतात. काही झाले तर जबाबदार कोण? म्हणून त्याला रेषेबाहेर बसवून गोल लिहायला लावतात. पंच करा म्हटले तर तेही नको, उन्हात धावावे लागते. जगभरच्या तज्ज्ञांनी, आजारी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना सोबत घेऊन, या आजाराच्या प्रत्येक संशोधनात कोणत्या गोष्टी मोजायलाच हव्यात ते ठरवले आहे. त्यात चारच गोष्टी आहेत. जीव वाचणे, मूत्रपिंडाचे काम, जंतुसंसर्ग, आणि चौथी, रोजच्या आयुष्यात मुलाला भाग घेता येणे, म्हणजे शाळा, खेळ, मित्र. क्रिएटिनीनच्या रांगेत फुटबॉल बसवला आहे, आणि तो मुलांनीच बसवून घेतला. अशा मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतात तेव्हा निरोगी मुलांपेक्षा त्यांचे गुण कमी येतात, शाळेविषयीच्या प्रश्नांत तर विशेष. पण त्याच प्रश्नावल्या आईबापांना दिल्या तर ते मुलापेक्षाही कमी गुण देतात. घरी हे रोज बघतो. त्याच्या आजीला विचाराल तर पोराचे सगळे संपले. पोराला विचाराल तर त्याला एवढेच हवे की शनिवारी संघात घ्या, बॅकला उभे केले तरी चालेल.

कायद्याकडे वळलो तर तिथेही या मुलांना जागा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार दिले आहेत. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, आणि ते असायलाच हवेत. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार नाही. त्यामुळे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून परीक्षेत जादा वेळ मागायला, हजेरी कमी पडली तर ती ग्राह्य धरायला सांगताना हातात कागद नाही, दर वेळी कुणाच्या तरी मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहायचे. दहावीच्या परीक्षेला हा मुलगा तीन तास पाण्याशिवाय आणि नळीशिवाय बसू शकत नाही. पर्यवेक्षक कोण येईल आणि त्याचा स्वभाव कसा असेल यावर आम्ही आतापासून नवस बोलायचा का?

केंद्राचा कायदा बदलायला किती वर्षे लागतील देव जाणे. पण शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाला कायदा बदलावा लागत नाही. इस्पितळाने अशा प्रत्येक मुलासाठी शाळेच्या नावे एक पानी सूचनापत्र द्यावे. मुलाने किती पाणी प्यायचे, तासाला मधून न विचारता जाऊ द्यायचे की नाही, कोणता खेळ चालतो, उलट्या-जुलाब किंवा ताप आला तर घरी लगेच कळवायचे, ताप-अंगदुखीवर मनाने कोणती गोळी द्यायची नाही. आयब्युप्रोफेनसारखी साधी वाटणारी गोळीही या मुलांना घातक असते आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ती सापडू शकते. हे पान फायलीत न पुरता प्रगतिपुस्तकाबरोबर दर वर्षी पुढच्या वर्गशिक्षकांकडे गेले पाहिजे. इस्पितळातले दिवस गैरहजेरीत धरू नयेत. गोवा बोर्डाने परीक्षा केंद्रांना लेखी सूचना द्यावी. आणि कडीचे तर आधी सांगितलेच.

डायलिसिसवरच्या मुलांची स्थिती याहून कठीण आहे, ते थोडक्यात सांगतो कारण ती वेळ अजून आमच्यावर आलेली नाही. यंत्रावर रक्त शुद्ध करायचे तर आठवड्यातून साधारण तीन दिवस, चार-चार तास, जाण्यायेण्याचे वेगळे. सत्तरी किंवा सांगे तालुक्याच्या टोकाला राहणाऱ्या मुलाची शाळा त्यातच संपते. पोटातल्या पातळ आवरणातून, घरच्या घरी करायचा डायलिसिस असतो, तो रात्री यंत्रावरही होतो आणि मूल सकाळी शाळेत जाऊ शकते. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली आला, पुढे त्यात या घरच्या डायलिसिसचाही समावेश झाला. मुलांच्या बाबतीत आधी त्याचा विचार व्हावा आणि स्वच्छ खोली, वीज, प्रशिक्षण यांसाठी घरच्यांना मदत मिळावी.

जमले तर डायलिसिसची पाळी येण्याआधीच प्रत्यारोपण करणे मुलांसाठी सर्वांत चांगले, असे आम्हाला सांगितले आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि आजी-आजोबा हेही जवळचे नातेवाईक ठरले. मी लगेच बाही वर केली, पण माझी साखर आडवी आली. आता सुनेच्या तपासण्या चालू आहेत. हे काम बहुतेक घरांत आयाच करतात, बापांनी याचाही विचार करावा. आणि मूत्रपिंड बदलले तरी शाळेचा प्रश्न तसाच राहणार आहे. त्यानंतर बारा-बारा तासांनी ठरल्या वेळी गोळ्या, पाणी जास्त, जंतुसंसर्गाची भीती जास्त. साबण तेव्हा आणखी लागेल.

नातवाची आताची शाळा बरी आहे. तिथल्या एका सरांनी गाजावाजा न करता एका शनिवारी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन मुलांच्या बाजूच्या तिन्ही दारांना पितळी कड्या बसवल्या आणि भिंतीत खिळे ठोकले. पितळ गंजत नाही हे त्यांचे म्हणणे. खर्च कुठून केला ते सांगितले नाही. बाटली आता दुपारी रिकामी येते. पण प्रत्येक शाळेत असे सर असतीलच असे नाही, आणि त्यांच्या खिशातून हे व्हावे असेही नाही.

वाचकांपैकी जे पालक-शिक्षक संघावर असतील त्यांना विनंती आहे. पुढच्या सभेला जाल तेव्हा चहा यायच्या आधी मुलांच्या आणि मुलींच्या शौचालयात एकदा स्वतः जाऊन या. दार आतून लागते का, नळाला पाणी येते का, साबण आहे का, डबी टांगायला काही आहे का ते बघा. नसेल तर नुसते बोलू नका, इतिवृत्तात लिहायला लावा. तोंडी तक्रार चहाबरोबर संपते, इतिवृत्तात आलेली गोष्ट पुढच्या सभेत वाचून दाखवावी लागते.

आपला,
एक निवृत्त कदंब वाहक,
साखळी

(नातवाला वर्गात पुन्हा त्रास नको म्हणून नाव छापू नये. नाव-पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)